शांतता उठवायची राहिली

बॅगेचं चाक बदलायला देऊन तो दुकानासमोरच्या स्टुलावर टेकतो न टेकतो तोच खिशातला फोन वाजला. किनाऱ्यावरच्या रेडिओ स्टेशनवरून होता. सकाळी ज्याच्या हाती ड्यूटी सोपवून तो बाहेर पडला होता, तो पोपट बोलत होता. पोपट हे काही त्याचं खरं नाव नव्हे; नियमांचं पुस्तक उठता बसता म्हणून दाखवायची खोड असल्यामुळे सगळे त्याला पोपट म्हणत, आणि आता तो स्वतःही फोनवर पोपट बोलतोय असंच सांगे. "सर, झोपला होतात का?" पोपटानं विचारलं. "बोल," तो म्हणाला. "विशेष काही नाही. पहाटेचा सायलेन्स तुम्ही उठवलाच नाहीत." तो म्हणाला, "उठवला." पोपट जरा घुटमळला. "नाही ना सर. मी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. पाणी भरलेल्या बोटीवरची माणसं दुसऱ्या बोटीनं उचलली, बंदराला तुम्ही कळवलं, केस बंद केली, सगळं चोख. पण सायलेन्स संपल्याचं चॅनेलवर सांगितलंच नाही. मी आलो तर चॅनेल इतका स्वच्छ, की म्हटलं आज समुद्राला सद्बुद्धी सुचली. चहा घेतला, पेपर वाचला. शेवटी दुपार व्हायला आली तेव्हा एका बोटीच्या कॅप्टननं ऑफिसच्या फोनवर फोन केला. म्हणाला, साहेब, आम्ही अजून किती वेळ गप्प बसायचं?" त्यानं घाईनं विचारलं, "उठवलास ना मग?" "लगेच उठवला. आणि सर, मग जे सगळे एकदम सुटले म्हणता, नुसता बाजार. कुणाचं काय, काही कळेना." "कुणाला काही झालं नाही ना?" "तसं नाही. एका बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या हातावर उकळतं पाणी सांडलं होतं. सकाळपासून ओलं फडकं गुंडाळून बसला होता. मी कॅप्टनला म्हटलं, अरे मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, आमचं एवढं मोठं नव्हतं साहेब, बुडणाऱ्याचं आधी होऊ दे म्हटलं." मग पोपट म्हणाला, "मी वर काही कळवत नाही सर." "कळव," तो म्हणाला. "नियम आहे."

फोन खिशात टाकल्यावर त्याला राग आला तो आधी पोपटाच्या मऊ आवाजाचा. चूक दाखवणाऱ्यानं खणखणीत दाखवावी. आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण घातल्यासारखं हे बोलणं त्याला सहन होत नसे. मग राग आला त्या कॅप्टनचा. अरे बाबा, थोड्या वेळानं कळत नाही का काहीतरी चुकलंय ते? एक हाक मारून बघायला काय जातं? एरवी ह्याच लोकांची तोंडं बंद करता करता भीक नको पण कुत्रं आवर अशी गत होते. समुद्रावर सगळ्या बोटींचा मिळून एक सामाईक चॅनेल असतो. त्यावर कायम कान ठेवायचा आणि कामापुरतं बोलायचं, असं पुस्तक म्हणतं. प्रत्यक्षात कुणी त्यावर गाणी लावतं, कुणी शीळ घालतं, कुणी जाळ्यावरून दुसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं, आणि किनाऱ्यावरच्या खोलीत हेडफोन चढवून बसलेल्या माणसानं ह्या सगळ्या गदारोळात एखादी खरी हाक आहे का ते चाचपत राहायचं. हाकांच्याही पायऱ्या ठरलेल्या. जिवावर बेतलं तर 'मेडे', तीनदा. जीव जात नाही पण मदत हवी, इंजिन बंद पडलंय, माणूस आजारी आहे, तर 'पॅन-पॅन', तीनदा. वादळाची किंवा वाहत आलेल्या ओंडक्याची नुसती वर्दी द्यायची तर त्याखालची तिसरी. मेडे आला की स्टेशननं सायलेन्स लावायचा: बुडणारा सोडून बाकी सगळ्यांनी हाताची घडी, तोंडावर बोट. कारण बुडणाऱ्याचा आवाज बारीक असतो, त्याची बॅटरी पाण्यात असते, आणि त्याच वेळी कुणी बर्फाचा भाव विचारत बसला तर तो आवाज खलास. काम झालं की सायलेन्स उठवायचा. ज्यानं लावला त्यानंच उठवायचा. दुसऱ्या कुणी मधे तोंड घालायचं नाही. हे सगळं त्याला झोपेत विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. अख्ख्या नोकरीत ही चूक त्यानं केली नव्हती. इतरांच्या ह्या चुकीवर मात्र तो भरपूर हसला होता.

चाकवाल्यानं बॅग मांडीवर उताणी घेतली होती आणि जुन्या चाकाची रिबीट तो छिन्नीनं उडवत होता. निळी, मोठी बॅग. लेकीच्या लग्नात घेतलेली. एका चाकाचं रबर झिजून आतलं प्लास्टिक उघडं पडलं होतं. ती ज्या दिवशी ही बॅग ओढत आली त्या दिवशी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिचा खटका वाजला होता आणि दार उघडायच्या आधीच त्याला कळलं होतं, की एक चाक गेलंय. चाक गेल्याचं कळलं, एवढंच. "कुणाची बॅग साहेब?" चाकवाल्यानं विचारलं. "मुलीची." "कुठं निघाल्या?" "तिच्या घरी. आज संध्याकाळी." "म्हणजे सासरी म्हणा की. मग चांगलं भक्कम टाकतो, पुन्हा पुन्हा यायला नको," असं म्हणून चाकवाला स्वतःच्याच विनोदावर हसला. त्याला हसू आलं नाही. चांगलं भक्कम चाक टाकून मुलीला परत पाठवायची, आणि ते चाक टाकून आणायला बाप. बायकोनं दुपारी बॅग दाराशी आणून ठेवली होती, तोंडानं काही न बोलता. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोपू द्यावं, चाकाचं नंतर बघता येईल, असं त्या घरात आता कुणी कुणाला म्हणत नसे. त्यानंही बॅग उचलली आणि कुठं, कशाला, किती वाजेपर्यंत, काही न विचारता जिना उतरला. घरात आता सगळं असंच चाले. बॅगा, कपबश्या, गॅसचं सिलिंडर, सगळं जागेवर यायचं आणि जागेवरून जायचं, एक शब्द न सांडता.

ती सासरहून निघाली त्या दुपारी तिनं आधी त्याला फोन केला होता. आईला नाही, त्याला. तो ड्यूटीवर होता, चॅनेलवर नुकताच मेडे आला होता, आणि हेडफोन एका कानावर ठेवून दुसऱ्या कानाला त्यानं फोन लावला. "बाबा, मी बॅग घेऊन बाहेर पडलेय. स्टॉपवर उभी आहे," ती म्हणाली. त्यानं विचारलं, "लागलंय का कुठं तुला?" "नाही." "मागं कोणी आलंय?" "नाही, तो घरातच आहे." "घरी यायला गाडी आहे ना?" "आहे." हे प्रश्न त्यानं आयुष्यभर विचारले होते आणि त्यांची उत्तरं कुठल्या खणात टाकायची ते त्याच्या हाताला पाठ होतं: जिवाला धोका नाही. मदत हवी, पण थांबू शकते. "मग जरा थांब," तो म्हणाला. "इथं मेडे चाललाय. मी फोन करेपर्यंत लाइन मोकळी ठेव." "बरं," ती म्हणाली. ते 'बरं' त्याला अजून ऐकू येई, जणू रेकॉर्डिंग असावं. त्यात रडं नव्हतं, राग नव्हता, काहीसुद्धा नव्हतं. आणि तो मेडे काय निघाला, तर कुणा हौशी माणसाच्या बोटीवर आलेल्या पाहुण्यानं लाल बटणावरचं झाकण उघडून, हे काय असतं म्हणून ते दाबलं होतं. पाहुणा बिचारा ओशाळला, माफी मागितली, वर म्हणाला की काम फार झटपट चालतं हो तुमचं. ह्यानं सायलेन्स उठवला, अगदी पद्धतशीर, आणि लेकीला फोन लावला. तिचा फोन बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात चाकाचा खटका वाजला.

त्यानंतर त्यानं जे केलं ते बरोबर केलं असं त्याला आजतागायत वाटत आलं होतं, आणि म्हणूनच तो आतल्या आत जळत होता. ती आंघोळीला गेल्यावर स्वयंपाकघर आणि तिची खोली यांच्या मधल्या बोळात उभं राहून त्यानं बायकोला सांगितलं, "कुणी तिला काही विचारायचं नाही. तो विषय घरात काढायचा नाही. तिला बोलायचं असेल तेव्हा ती बोलेल." बायको म्हणाली, "अहो पण..." "पण नाही," तो म्हणाला. मेव्हणी चौकशीला आली, तिला त्यानं दारातूनच हवापाण्याच्या गप्पा मारून कटवलं. टीव्हीचा आवाज कमी केला, मग टीव्हीच बंद केला. पाहुणे बंद, मोठ्यानं हसणं बंद. पोरीच्या बारीक आवाजाच्या वाटेत काही येऊ नये म्हणून त्यानं घर झाडूनपुसून स्वच्छ करून ठेवलं आणि कानात प्राण आणून ऐकत बसला. बोटीवर तो शिकाऊ होता तेव्हा रेडिओच्या खोलीत एक घड्याळ होतं. त्याच्या तबकडीवर पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापुढं लाल फाक रंगवलेली. काटा त्या लाल फाकेत असेपर्यंत जगभरच्या सगळ्या बोटींनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं, कुणी कुठं मंद आवाजात हाक मारतंय का. त्याचा साहेब त्या वेळात चहाची बशीसुद्धा टेबलावर टेकवू देत नसे. कप हातात धरून बसवी. हात भाजायचा, पण त्या फाकेत समुद्र जितका मोठा ऐकू येई तितका पुन्हा कधी ऐकू आला नाही. घरात त्यानं तेच केलं होतं. कप हातात धरून बसला होता, महिनोन् महिने. तिच्या सपातांचा आवाज, कपाटाची कुरकुर, फोनवरची कुजबुज, उसासा. सगळं त्याच्यापर्यंत पोचत होतं. हाक तेवढी येत नव्हती. अगं, सगळा चॅनेल तुझ्यासाठी मोकळा केलाय, आता तरी बोल की. पण पोरगी मिठाची गुळणी धरून बसली ती बसलीच. जेवताना मीठ मागायची, पाणी मागायची, 'बाबा, वर्तमानपत्र झालं का' म्हणायची, आणि दर वेळी त्याचा घास हातातच राही, की आता. आणि मग ती वर्तमानपत्र घेऊन आत जाई. आपण इतकं केलं आणि हिला त्याचं काही नाही, असं त्याला वाटे. पालथ्या घड्यावर पाणी. चिडून तो गॅलरीत जाई, आणि तिथंही कान आतच ठेवी.

गेल्या आठवड्यात ती बोलली. आमटी वाढून घेता घेता म्हणाली, "मी शनिवारी परत जातेय. तो संध्याकाळी न्यायला येणार आहे." बायकोचा हात पातेल्यावरच थांबला. ती त्याच्याकडं बघत राहिली, तो काय म्हणतो म्हणून. आणि तो काय म्हणाला, तर "ठीक आहे." निरोप मिळाला की मिळाल्याचं सांगायचं, ही जन्माची सवय, जिभेनं आपलं काम केलं. त्या रात्री भांडी घासताना बायकोनं एकेक भांडं असं आदळलं की शेजारच्यांनी काय ते ओळखलं असेल. पण बोलली ती काहीच नाही. 'पण नाही' असं त्यानंच सांगितलं होतं ना. तोही बोलला नाही. स्वतःचं स्वतः ठरवलंय तिनं, शिकलेली आहे, आपण कोण, असं काहीबाही तो उशीला सांगत राहिला. जावई तसा काही वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही, लग्नात त्याच्या बाजूचे लोक जेवणावरून कुरकुरले तेव्हा त्यानं त्यांना गप्प केलं होतं. दिसण्यात, नोकरीत, वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मग झालं काय होतं? एवढं साधं वाक्य, आणि ह्या घरातल्या तीन मोठ्या माणसांत ते एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं.

"एवढं मोठं नव्हतं, साहेब." चाकवाला नव्या चाकाचा खिळा ठोकत होता आणि त्या ठोक्यांमधून त्या कधी न पाहिलेल्या कॅप्टनचं वाक्य त्याच्या डोक्यात परत परत येत होतं. त्यानं त्या बोटीचं चित्र डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. हाताला फडकं गुंडाळलेला स्वयंपाकी एका बाजूला बसलाय. भांडी तशीच पडलीत. रेडिओ चालू आहे, नुसती खरखर. कॅप्टन एकदा रेडिओकडं बघतो, एकदा त्याच्याकडं, आणि म्हणतो, थांब जरा, ते सांगतील. सगळे समुद्रभर असेच बसलेत, भल्या माणसांसारखे, नियम पाळून. आणि किनाऱ्यावरचा तो, ज्यानं गप्प बसवलं, तो कधीच घरी गेलाय. त्याचा राग आता जागा शोधत फिरत होता आणि त्याला जागा मिळत नव्हती. पोपट नाही, कॅप्टन नाही, जावई नाही. चॅनेल स्वच्छ आहे म्हणून पोपट खूश होऊन चहा पीत बसला, तसंच आपणही घर शांत आहे म्हणून... तो ताडकन उठला. चाकवाला म्हणाला, "झालंच साहेब, पाच मिनिटं." त्यानं ते ऐकलं नाही. स्टूल लवंडलं, ते तसंच टाकून तो चालायला लागला.

चालता चालता त्यानं लेकीला फोन लावला. वाजला, वाजला, आणि एक गोड बाई म्हणाली की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती उत्तर देत नाही. बायकोला लावला, तर तो दुसऱ्या कॉलवर व्यस्त. पुन्हा लेकीला. पुन्हा गोड बाई. तिला तीनदा काहीही म्हटलं तरी ती तेवढ्याच गोडपणानं तेच म्हणाली असती. सिग्नलला माणसं थटली होती. अर्ध्यांच्या कानांत काहीतरी खुपसलेलं आणि तोंडं हवेशी बोलणारी. एक बाई रस्त्याकडं पाठ करून मोठ्यानं भांडत होती आणि तिला कुणाची पर्वा नव्हती. त्याला तिचा हेवा वाटला. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, असं त्याची आई म्हणायची, आणि तो मात्र आयुष्यभर लोकांना कमी बोला, नेमकं बोला, एका वेळी एकानंच बोला, हेच सांगत पगार खात आला होता. घरी जाऊन म्हणायचं काय? स्टेशनवर बरं असतं. सायलेन्स उठवायचं वाक्य छापलेलं असतं, कोण बोलतंय, कुणाविषयी, किती वाजता, आणि शेवटी दोन शब्द, की संपलं. घरात लावायला कुठलं वाक्य लागत नाही आणि उठवायला कुठलं सापडत नाही. 'कशी आहेस' म्हणावं तर इतके महिने एका छपराखाली राहून हा प्रश्न वेड्यासारखा वाटेल. 'जाऊ नकोस' म्हणावं तर तो हुकूम झाला, आणि एक हुकूम देऊन काय झालं ते दिसतंच होतं. जिन्यात त्याला धाप लागली. प्रत्येक पायरीवर त्याला खटका ऐकू यावासा वाटला, आणि तेव्हा कुठं लक्षात आलं की बॅग दुकानातच राहिली.

दार बायकोनं उघडलं. त्याच्या हातांकडं बघून ती म्हणाली, "बॅग?" "राहिली." "राहिली म्हणजे? चाकासाठीच गेला होतात ना? तो यायची वेळ होईल आता. ती कपडे घड्या घालून पलंगावर ठेवून बसलीय, भरायचे कशात?" एका दमात ती इतकं बोलली हे त्या दोघांनाही नवीन होतं, आणि बोलून झाल्यावर ती लगेच मागं सरली. तो चपला न काढताच आत गेला. बोळात, बरोबर त्याच जागी, उभा राहिला. डावीकडं स्वयंपाकघर, उजवीकडं तिचं अर्धवट लोटलेलं दार. घसा साफ केला आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला तो ड्यूटीवरचा, सावकाश, शब्द सुटे सुटे करणारा, कारण दुसरा त्याच्यापाशी नव्हता. "मी इथं उभं राहून म्हणालो होतो, कुणी काही विचारायचं नाही. तो विषय काढायचा नाही. ते संपलं. केव्हाच संपवायला हवं होतं. मी सांगायचं विसरलो." बायको पुन्हा पुढं झाली. "विसरलात?" ती म्हणाली. "गॅस बंद करायला विसरतात. छत्री विसरतात. हे विसरतात होय?" "मी विसरलो," तो म्हणाला. "रोज रात्री तुमच्या शेजारी जागी असते मी. रोज. आता म्हणतील, मग म्हणतील."

उजवीकडचं दार उघडलं. लेक दारात उभी होती, हातात घडी घातलेला टॉवेल. "काय चाललंय?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "तुला कुणी काही विचारू नये म्हणून मी त्या दिवशी सगळ्यांना गप्प केलं होतं. तुला बोलता यावं म्हणून." "मी न्हाणीघरातून ऐकलं होतं ते," ती म्हणाली. "तो विषय घरात काढायचा नाही. फोनवरपण तुम्ही म्हणालात, लाइन मोकळी ठेव. मला वाटलं, ह्यांना नकोय ते." "ते बाकीच्यांना होतं," तो म्हणाला. "तुला नव्हतं." "मग मी बाकीच्यांत नाही हे मला कुणी सांगितलं का बाबा?" तिनं टॉवेल उलगडला, पुन्हा घडी घातली. "तिथंही कुणी बोलत नव्हतं," ती म्हणाली. "इथंही तेच. मग म्हटलं, तिथली खोली तरी मोठी आहे."

तो म्हणाला, "बोलत नव्हता म्हणजे?" हा पहिला प्रश्न. "म्हणजे बोलत नव्हता. कानात ते इअरफोन घालून असायचा घरभर. हाक मारली तर एक बाजू काढून 'हं' म्हणायचा आणि परत घालायचा. एकदा मी त्याच्या बहिणीसमोर म्हटलं, मला इथं एकटं वाटतं. त्याला लागलं ते. त्या दिवसापासून 'हं'सुद्धा बंद. शेवटी मी मुद्दाम काचेची बरणी फोडली, बाबा. त्याच्या पायाशी. म्हटलं, ओरडेल तरी. तो उठला, झाडू आणला, काचा भरल्या, फरशी पुसली. माझ्या पायात चप्पल नव्हती. चप्पल घाल, एवढंसुद्धा म्हणाला नाही. मग मी बॅग भरली." तिनं एकदा आईकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "लागलं का, मागं कोणी आलंय का, असं तुम्ही विचारलंत. दोन्हीला नाहीच होतं. मग काय सांगणार होते? एवढं मोठं काही नव्हतंच ते." तो खाली बसला, बोळातच, फरशीवर, चपलांसकट. मेडे नाही, पॅन-पॅन नाही, तिसऱ्या पायरीतही कुठं बसत नाही, आणि पोरगी बुडत होती.

"अगं मग मला तरी सांगायचंस," बायको म्हणाली, आणि लेक म्हणाली, "तू कुठं विचारलंस आई," आणि बायको म्हणाली, "ह्यांनी मला शपथ घातल्यासारखं," आणि मग दोघी एकदम बोलायला लागल्या. एकीचं वाक्य दुसरीच्या वाक्यावर चढत होतं. बरणी, मावशीला दारातून परत पाठवली ते, टीव्ही, आमटीत त्या दिवशी पडलेलं जास्तीचं मीठ, लग्नाच्या आधी जावयाच्या आईनं काय सांगितलं होतं, रात्री कोण कुणाच्या दाराशी येऊन परत गेलं. लेक रडत होती आणि रडता रडता आईवर चिडत होती, आणि आई तिच्यावर, आणि दोघी मिळून त्याच्यावर. कुणाचं काय, काही कळत नव्हतं. एका वेळी एकानं बोला, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. हे सगळं अंगावर घेत तो बसून राहिला. राग त्याला अजून होताच, पण आता त्याला जागा सापडली होती, आणि ती जागा तो स्वतः होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. खिशात, मोठ्यानं, स्टेशनचा फोन ऐकू आलाच पाहिजे म्हणून त्यानं आवाज कधी कमी केला नव्हता. दोघी एकदम थांबल्या. कोण असेल कुणास ठाऊक. चाकवाला असेल, दुकान बंद करतोय म्हणून. जावई असेल, निघालोय म्हणून. नाहीतर पोपट. आजवर वाजलेला एकही फोन, आलेली एकही हाक त्यानं उत्तर दिल्याशिवाय सोडली नव्हती. त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेलाही. लेकीनं डोळे पुसले आणि ती अर्धवट वाक्य तसंच सोडून म्हणाली, "बाबा, फोन."

"वाजू दे," तो म्हणाला. "तू बोल."